टिप्पणी खालून सुरू होते

यवतमाळात रुजू झाले त्या दिवशी मला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, बॅच कोणती? सकाळी कार्यालयात विचारला, दुपारी जिल्ह्याच्या बैठकीत विचारला आणि संध्याकाळी सरकारी वसाहतीत शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारला. अधिकारी मंडळींत ओळख अशीच होते. निवड कोणत्या साली झाली ते कळलं की कोण कोणाला सर म्हणणार आणि कोण कोणाच्या बदलीची खबर ठेवणार, हे आपोआप ठरतं. माझी बॅच नव्हती. सरकारनं आमच्या विभागातली काही वरिष्ठ पदं बाहेरच्या तज्ज्ञांना करारावर द्यायचं ठरवलं, जाहिरात आली, मुलाखत झाली आणि भूजलात बावीस वर्षं काढलेली मी पुण्याची नोकरी सोडून इथल्या कार्यालयाची प्रमुख झाले. तीन वर्षांचा करार, पुढे दोन वर्षं वाढू शकणारा. पेपरात त्याला लॅटरल एन्ट्री म्हणत. आमच्या कार्यालयात मला 'वरून पडलेल्या मॅडम' म्हणत. हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं आणि, खोटं कशाला सांगू, रडू आलं.

यवतमाळच का मागितलं, तर बाबा दारव्ह्याला होते. आई गेल्यापासून एकटेच. तासाभराच्या अंतरावर लेक अधिकारी म्हणून येतेय म्हटल्यावर त्यांना आनंद होईल असं मी धरूनच चालले होते. निवड झाल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं की परीक्षा कोणती दिलीस. मुलाखतच होती, म्हटलं. मग विचारलं, राखीव जागा किती होत्या? एकच पद आहे बाबा, करारावरचं, त्याला बिंदुनामावली नसते, मी म्हणाले. बिंदुनामावली म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारा तक्ता. तो बाबांना पाढ्यासारखा पाठ होता. मग जेवलीस का, असं विचारून त्यांनी फोन ठेवला.

त्यांचं कुठे चुकत होतं? आजोबांनी दीक्षा घेतली, मुलाला शाळेत घातलं, तो मुलगा राखीव जागेवर कारकून लागला आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाला. आमच्या घरात सरकार म्हणजे एक जिना होता आणि त्याच्या एकेका पायरीसाठी कोणीतरी भांडलेलं होतं. मी त्या जिन्याला हातही न लावता वरच्या मजल्यावर उभी होते. बाबा मला टाकून बोलले नाहीत, अबोलाही धरला नाही. फक्त तीन वर्षांत एकदाही माझं कार्यालय पाहायला आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणायचे. त्याच गुडघ्यानं ते दर आठवड्याला बाजार करत आणि दोन पिशव्या भरून घरी आणत.

रुजू झाल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या हाताखाली कोण आहे ते विचारलं. मी उपप्रमुखांबद्दल सांगितलं. पुसदकडच्या एका खेड्यातले, आपल्याच समाजातले. सर्वांत खालच्या पदावर लागले, खात्याच्या परीक्षा देत देत चढले, आता कार्यालयात माझ्या खालोखाल तेच. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे ही खुर्ची त्याची होती," ते म्हणाले. "त्याचे किती दिवस राह्यले?"

मला माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी माहिती काढून गेले, निवृत्तीला तीन वर्षं आणि सात महिने. तेव्हापासून बाबा दर रविवारी तोच प्रश्न विचारायचे, बाकीचे लोक पावसापाण्याचं विचारतात तसा. त्याचे किती राह्यले? मी सांगायचे. मग ते भाजी वाढायचे.

आठवड्याचे उरलेले सहा दिवस मी यवतमाळात काढत होते. दोन वाजले की कार्यालयातली मंडळी मोठ्या खोलीत टेबलं जोडून डबे उघडत. ठेच्याचा वास माझ्या केबिनपर्यंत यायचा, हसणं यायचं, आणि मी दारात उभी राहिले की सगळे एकदम उठून उभे राहायचे, तोंडात घास तसाच. दोनदा असं झाल्यावर मी जाणं सोडलं. केबिनमध्ये पोळी-भाजी खायची आणि भिंतीवरचा फलक वाचायचा. आजवरच्या प्रमुखांची नावं त्यावर पांढऱ्या रंगात, कधीपासून कधीपर्यंत यासकट. सर्वांत खाली माझं नाव, रंग नवा असल्यानं जरा जास्तच चकाकणारं. वसाहतीतली अधिकारी मंडळी वाईट नव्हती. वाढदिवसाला बोलवायची, ताटात दोन गुलाबजाम जास्त घालायची, आणि मग आपापल्या प्रशिक्षणाच्या दिवसांबद्दल बोलायला लागायची. मी हसायच्या जागा बघून हसायचे. शनिवारी संध्याकाळी जेव्हा मी दारव्ह्याच्या जीपमध्ये चौघींच्या मध्ये चेपून बसायचे, कोणाची तरी मेथीची जुडी मांडीवर घेऊन, तेव्हा कुठे मला माणसांत आल्यासारखं वाटायचं. तिथं कोणी बॅच विचारत नसे.

आणि मग ती चूक झाली.

मुकुटबनच्या पुढे एक लहानसं गाव आहे. तिथं दोन हातपंप, एक शाळेजवळ, एक विहाराजवळ. एकाच्या पाण्यात फ्लोराइड फार. असं पाणी वर्षानुवर्षं पिण्यात आलं की पोरांचे दात डागाळतात आणि म्हाताऱ्यांचे सांधे धरतात. असा पंप लाल रंगवायचा आणि पिण्यासाठी बंद करायचा, ही पद्धत. तपासणीचा अहवाल माझ्यासमोर आला, त्यात पंपाचा नोंदवहीतला क्रमांक होता. मला ह्या कामाचा अनुभव होता, वेळ घालवायची इच्छा नव्हती. मी फाईल मागवली, कोरं पान उघडलं, त्यावर स्वतःच्या हातानं मुद्देसूद लिहिलं की अमुक क्रमांकाचा पंप ताबडतोब बंद करावा, खाली सही केली आणि फाईल खाली पाठवली. दोन दिवसांत ती परत आली. माझ्या लिहिण्याखाली चार सह्या होत्या, बाकी एक अक्षर नाही. मला वाटलं, वा, सगळे सहमत आहेत. पुण्याच्या एका मैत्रिणीला मी फोनवर सांगितलंसुद्धा की सरकारी लोकांबद्दल आपण उगाच काहीबाही बोलतो, इथे दोन दिवसांत काम होतं.

साडेतीन महिन्यांनी मी त्या गावात गेले. विहाराजवळचा पंप लालभडक रंगवलेला. बायका शाळेजवळच्या पंपावर रांगेत उभ्या. माझ्याकडे छोटा तपासणी संच होता, सहज म्हणून दोन्ही पंपांचं पाणी तपासलं. लाल पंपाचं पाणी चांगलं होतं. रांगेतल्या बायका भरून नेत होत्या ते पाणी वाईट होतं. शाळेजवळचा ओटा दुरुस्त करताना कधीतरी दोन्ही पंपांचे क्रमांक उलटसुलट लागले होते. साडेतीन महिने ते गाव माझ्या सहीनं वाईट पाणी प्यायलं होतं. एका बाईनं मला तांब्याभर पाणी दिलं, पाहुणी म्हणून. मी ते प्यायले. दुसरं काय करणार होते?

परतल्यावर उपप्रमुखांना बोलावलं. त्यांना सांगितलं तर त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसेना. क्रमांक उलटे आहेत हे त्यांना ठाऊक होतं. ओटा झाला तेव्हा ते स्वतः तिथं गेले होते. माझं डोकं फिरलं. चढ्या आवाजात मी विचारलं, मग फाईल तुमच्या टेबलावर आली तेव्हा का नाही सांगितलं?

ते खाली मान घालून उभे होते. मग शांतपणे म्हणाले, "तुम्ही आधीच लिहून टाकलं होतं, मॅडम. तुमच्या लिहिण्याच्या खाली म्या येगळं कसं लिहू?"

तोंडानं सांगायला काय झालं होतं, हे मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं. वरून पडलेल्या बाईनं पहिल्याच फटक्यात आपटावं असं त्यांना थोडं वाटलं असेल. त्यांच्या जागी मला नक्की वाटलं असतं. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः गाडी घेऊन रंगाचा डबा नेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पंप बरोबर रंगवून आले. त्यांच्या बाहीला लाल रंग लागलेला होता, तो पुढे कित्येक दिवस त्या सदऱ्यावर दिसायचा.

त्या रविवारी मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी माझी कीव केली नाही, उठून कपाटातून एक कोरा कागद काढला आणि डाव्या बाजूला समास आखला. टिप्पणी खालून सुरू होते, ते म्हणाले. आधी कारकून लिहितो, कारण फाईल त्यानं पाहिलेली असते. मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. साहेबानं सर्वांत शेवटी लिहायचं. साहेब आधी बोलला की खालची माणसं मुकी होतात, मग ती कितीही शहाणी असोत. एखादी गोष्ट पटली नाही, तर साहेबानं पेन उघडायचं नाही. पेन्सिलीनं बारीक अक्षरात 'चर्चा करावी' लिहायचं आणि त्या माणसाला समोर बसवून विचारायचं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, सर्वांत खालची पहिली टिप्पणी लिहिणं. मी कधी विचारलं नव्हतं की बाबा, तुम्ही कार्यालयात दिवसभर काय करता? शिकलेली पोर घरात होती ना मी! त्या दिवशी तासभर ते शिकवत राहिले आणि मी ऐकत राहिले, आणि निघताना त्यांनी तो कागद घडी करून मला दिला. मग दारात उभं राहून विचारलं, त्याचे किती राह्यले?

पुढची दोन वर्षं मी पेन्सिल वापरली. कोऱ्या पानावर मी पुन्हा कधी आधी लिहिलं नाही. फाईल खालून भरून यायला लागली तसं मला दिसू लागलं की ह्या कार्यालयाला केवढं माहीत आहे. कोणत्या गावात पंपाची चावी कोणाच्या घरी असते, कुठला बोअर मार्चमध्ये आटतो, हे कोणत्याच अहवालात नसलेलं सगळं. उपप्रमुख आणि मी दौऱ्यावर एकत्र जायचो. गाडीत ते फारसं बोलत नसत, पण जेवणाच्या वेळी एखाद्या झाडाखाली डबा उघडून अर्धी भाकर माझ्यापुढे ठेवत. आणि तिसऱ्या वर्षी एका दुपारी, दोन वाजता, माझ्या दारावर टकटक झाली. उपप्रमुख उभे होते. तिकडेच या जेवायला मॅडम, म्हणाले, सगळे वाट पाहून राह्यले. मी गेले. ह्या खेपेला कोणी उठून उभं राहिलं नाही. ठेचा फार तिखट होता. डोळ्यांत पाणी आलं ते मी ठेच्यावर ढकललं.

नेमकी त्याच वेळी माझ्या मुदतवाढीची फाईल निघाली. तीही खालूनच सुरू होणार होती. म्हणजे पहिली टिप्पणी आस्थापनेच्या कारकुनाची, दुसरी उपप्रमुखांची. माझ्या खुर्चीवर मला आणखी दोन वर्षं बसू द्यावं की नाही, हे त्या माणसानं लिहायचं होतं, माझा करार संपल्यावर ज्याचे सात महिने उरणार होते. फाईल आली. त्यांच्या वळणदार अक्षरात पाचच ओळी होत्या. माझ्या कामाबद्दल चार, सगळ्या खऱ्या, एकही फुगवलेली नाही. पाचवी ओळ, मुदतवाढ देण्याची शिफारस आहे.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मला लाज वाटली. माणूस स्वतःच्या हातानं स्वतःची शेवटची पायरी काढून घेतोय आणि आपण ती घेणार? मला राहायचं होतं. कामासाठी राहायचं होतं, जोडलेल्या टेबलांसाठी राहायचं होतं, शनिवारच्या जीपसाठीसुद्धा. पण दर रविवारचा तो प्रश्न कानात होता. मी पेन उघडलं आणि त्यांच्या टिप्पणीच्या खाली लिहिलं की मी मुदतवाढीस इच्छुक नाही, हे पद पदोन्नतीनं भरावं ही विनंती. सही केली आणि त्याच दिवशी फाईल मुंबईला रवाना केली. आयुष्यात इतकं स्वतःचं कौतुक मला कधी वाटलं नव्हतं.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं. चांगलं केलं किंवा वाईट केलं, काहीच म्हणाले नाहीत. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीचा घेतला.

पुण्याला परतले. जुन्या ओळखीवर थोडं थोडं काम मिळत गेलं. उपप्रमुखांकडे प्रमुखपदाचा अतिरिक्त कार्यभार दिल्याचं कळलं, म्हणजे आपलं काम सांभाळून हेही पाहायचं. मला वाटलं, आता पदोन्नतीचा आदेश आज येईल, उद्या येईल. दिवाळीनंतर पेपरात जाहिरात आली. तेच पद, त्याच अटी, भूजलातला तोच अनुभव. बाहेरच्या तज्ज्ञांकडून अर्ज मागवण्यात येत आहेत. कोणाची तरी चूक झाली असणार म्हणून मी लगेच फोन केला. उपप्रमुख म्हणाले, डिसेंबरअखेर माझा निरोप आहे, या, तेव्हा बोलू.

गेले. शाल, श्रीफळ, फुलं, भाषणं. प्रमुखाची खुर्ची रिकामी होती म्हणून समारंभाला अध्यक्ष दुसऱ्या कार्यालयातून आणले होते. त्यांना उपप्रमुखांचं नावही चिठ्ठीत बघून घ्यावं लागलं. सगळं आटोपल्यावर उपप्रमुख मला केबिनमध्ये घेऊन गेले. टेबलावर धूळ नव्हती, पण खुर्चीवर कोणी बसत नसावं हे दिसत होतं. सात महिने ते आपल्याच खोलीत बसून दोन्ही कामं करत होते. फलकावर माझ्या नावाखाली काहीच लिहिलेलं नव्हतं. कार्यभाराचं नाव फलकावर लागत नाही, ते म्हणाले.

मग त्यांनी कपाटातून एक जुना आदेश काढला. मला नेमलं तेव्हाचाच तो, त्याची प्रत माझ्याकडेही होती. मी त्यात माझं नाव होतं तेवढा परिच्छेद वाचला होता. त्यांनी त्याच्या खालच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. हे पद पदोन्नतीच्या साखळीतून कायमचं वगळण्यात येत आहे, असं तिथं लिहिलं होतं. मी राहिले असते काय, गेले काय, ती खुर्ची त्यांच्याकडे येणारच नव्हती. हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी विचारलं, मग माझी शिफारस का केलीत?

"काम पाहून केली," ते म्हणाले. "आणि मले वाटलं, निरोपाचं भाषण तुम्ही कराल."

शेवटी एवढंच विचारलं की फाईल वर गेली तेव्हा तुम्ही का बोलला नाहीत. ते हसले. रागावून नाही, अगदी लहान मुलाला समजवावं तसे.

"तुम्ही लिहून टाकलं होतं, मॅडम."

दारव्ह्याची जीप मिळायला वेळ लागला. घरी पोचले तेव्हा बाबा तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडत होते. मी चुलीशी बसून सगळं सांगितलं, आदेश, तो परिच्छेद, रिकामा फलक, सगळं. बाबांनी पातेलं उतरवलं आणि पाणी निथळून टाकलं.

"सही करायच्या आधी विचारलं होतं का त्याले?"

मी नाही म्हणाले. मग मला रडू फुटलं आणि मी त्यांच्यावरच उलटले. तुम्हीच तर दर रविवारी त्याचे दिवस विचारत होतात, म्हटलं. तुमच्यासाठीच तर सोडली मी ती नोकरी.

बाबांनी शेंगा ताटात काढल्या. आता ते फार म्हातारे दिसत होते.

"दिवस विचारत होतो," ते म्हणाले. "सोड नव्हतं म्हटलं. इथून तासाभरावर होती तू. म्या कायले म्हणू, सोड?"

त्यांनी शेंगांचं ताट माझ्यासमोर सरकवलं. आम्ही दोघं शेंगा सोलत बसलो. सोमवारी सकाळची माझी पुण्याची गाडी होती.